काय दिसतं, बाबा?

प्रिय मेहुणे यांस,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या खिडकीखाली बसणाऱ्या तांबटाची ठणठण आठवते का? आपला अख्खा वर्ग तिच्या ठेक्यावर कविता म्हणायचा, आणि तो घाम पुसायला थांबला की आपणही कडव्याच्या मध्येच थांबायचो. ती ठणठण आता माझ्या घरी राहायला आली आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? (माझे बोलतात, ऐकणारं कोणी नाही.) शाळेत तुम्ही 'अरे' होतात, धाकट्या बहिणीचं लग्न माझ्याशी लावून 'अहो' झालात; त्याची भरपाई म्हणून हे शेवटपर्यंत वाचा.

तुमची भाची मागच्या शेडमध्ये पोलादाचे पत्रे कापते, वाकवते, जोडते. अमूर्त शिल्पं. म्हणजे ज्यात कशाचाही आकार ओळखू येता कामा नये. आणि येतो का, हे तपासायचं यंत्र म्हणजे मी. काम संपत आलं की हाक येते, "बाबा, काय दिसतं?" मी कवितांवर वाढलेला माणूस, मला काय दिसत नाही? मी "हरीण" म्हणालो, तिने मान कापली. "होडी" म्हणालो, शीड गेलं. "ढग" म्हणालो तर "बाबा, ढगाला तरी सोडा हो!" म्हणत तिने कटर चालू केला. अर्धं अरण्य माझ्या जिभेने मारलं आहे. (तिला मात्र मी फार उपयोगी वाटतो. म्हातारपणी इतकं पुरे.)

परवा तिने नवं काम दाखवलं. उंच, वाकलेला पत्रा, आपल्याकडे पाठ. फक्त वरचा एक कोपरा किंचित वळलेला. मेहुणे, तुमची बहीण रुसली की अशीच उभी राहायची. पाठ फिरवून, पण एक खांदा आपल्याकडे, मनधरणी नीट ऐकू यावी म्हणून. मुलगी कटर घेऊन उभी. "काय दिसतं?" मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणालो, "काही नाही. पत्रा."

"नक्की?"

"पत्राच गं."

तिने कटर खाली ठेवला आणि खुशीने मला चहा करून दिला. तेव्हापासून रोज दुपारी मी तिथे खुर्ची टाकून बसतो आणि हलक्या आवाजात मनधरणी करतो. अजून वळलेली नाही. पण ऐकते आहे.

तुमचा,
जुना बाकसोबती

ता. क. : खरं काम असं, की शनिवारी ते शिल्प प्रदर्शनात जाईल. त्याआधी तुम्ही इकडे फिरकू नका. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, पाहताक्षणी "अरे, ही तर आपली धाकटी!" म्हणाल, की कटर चालू. नंतर या, महिनाभर राहा.

पुन्हा ता. क. : बेल वाजली म्हणून उठलो. दारात तुम्हीच, बॅग घेऊन! आणि भाची "मामा, चहा नंतर, आधी शेडमध्ये चला" म्हणत तुमचा हात ओढते आहे. तेव्हा पत्र पोस्टात न टाकता तुमच्या हातात देतो. आधी वाचा, मग तोंड उघडा.