वाचनालयातली एकच खुर्ची

१३ सप्टेंबर १९६०, मंगळवार

वाचनालय उघडलं. कोर्टाचा हुकूम आहे—काळा-गोरा न बघता सगळ्यांना आत घ्या. नगरपालिकेने तो इमानदारीत पाळला. सगळ्यांना आत घेतलं आणि टेबलं-खुर्च्या बाहेर काढल्या. एकूण एक. काळ्यांच्या शेजारी बसायचं नाही ना, मग कुणीच बसायचं नाही. महापौर म्हणतात, उभ्याने वाचणं पाठीच्या कण्याला चांगलं. गोऱ्या बायका खांबाला टेकून कादंबऱ्या वाचतायत. तीनशे वर्षांनी गावात समता आली, ती ही अशी—पोटऱ्यांत गोळे घेऊन.

मी आत गेलो नाही. रस्त्यापलीकडून पाहिलं.

१५ सप्टेंबर

ऑगस्टाबाई दुकानात आल्या. मला चौथीत शिकवलं त्यांनी. गावातल्या निम्म्या काळ्यांना शिकवलं. आता वय बहात्तर, गुडघे गेलेले. आमच्या शाळेत पुस्तकं यायची ती गोऱ्यांच्या शाळेने टाकून दिलेली. त्यातल्या रोमच्या इतिहासाची शेवटची चाळीस पानं फाटलेली होती. बाईंनी छत्तीस वर्षं होता तेवढाच शिकवला. त्यामुळे आमच्या वस्तीत रोम अजून पडलेलं नाही—सम्राट मजेत आहे.

अख्खी प्रत वाचनालयात आहे. बाईंना ती चाळीस पानं वाचायची आहेत, बस. पण घरी न्यायला कार्ड लागतं, आणि नवी कार्डं नव्वद दिवस बंद.

"लेम्युएल, दहा मिनिटांवर उभं राहवत नाही रे मला. तुझ्याकडे दोनशे खुर्च्या आहेत. एक दे."

आहेत खऱ्या. मयताला येणाऱ्या लोकांसाठी. घडीच्या, लाकडी, आणि प्रत्येकीच्या पाठीवर ठळक अक्षरांत 'गॅस्किन्स अंत्यविधी सेवा'. वडिलांची हौस. म्हणजे खुर्ची आत गेली की नावासकट मीच आत गेलो. आणि धंद्याचा परवाना ऑक्टोबरात नगरपालिकाच नवा करून देते.

म्हटलं, "बाई, जरा थांबा. वातावरण निवळू दे."

"ते निवळेपर्यंत मी तुझ्याच गिऱ्हाइकांत जमा होईन."

माझ्या बायकोने, कोराने, सगळं ऐकलं होतं. रात्री जेवायला वाढलं नाही.

१९ सप्टेंबर

मागच्या दारावर टकटक. नगरपालिकेतले म्हातारे पेंबर्टनसाहेब, टोपी हातात. खुर्च्या काढायच्या ठरावावर पहिली सही यांची. गोऱ्यांकडे मागच्या दाराने जायचं ते आम्ही; आज ती पाळी त्यांच्यावर आली. कबूल करतो—बघायला बरं वाटलं.

"लेम, कंबर फार दुखते रे. पेपर वाचायला तासभर तरी लागतो. तुझ्याकडची एखादी असली तर... कुणाला कळायला नको हं."

पाठीवर नाव आहे साहेब, कळणारच—असं म्हणालो नाही. "हो साहेब" म्हणालो. खुर्ची त्यांच्या गाडीत नेऊन ठेवली. आधी पुसून.

बाईंना नाही म्हणणारा माणूस मीच.

२० सप्टेंबर

खुर्ची वाचनालयाच्या खिडकीपाशी मांडली आहे. ग्रंथपाल मिस व्हिटल यांना ती दिसत नाही. बंदी खुर्च्यांना आहे, पेंबर्टनसाहेबांना नाही.

२२ सप्टेंबर

बाईंना पकडलं.

साहेब जेवायला घरी गेले, तशा बाई जाऊन त्या खुर्चीत बसल्या. रोम काढलं. मिस व्हिटल म्हणाल्या, "ऊठ." बाई म्हणाल्या, "धडा संपू दे." पोलीस आले. बसण्याविरुद्ध कायदा सापडेना, म्हणून चोरी लावली. खुर्चीची. तिच्यावर बसून केलेली.

कोठडीत भेटायला गेलो. गजांपलीकडून म्हणाल्या, "अकरा पानं राहिली रे." खुर्ची मी कुणाला दिली आणि कुणाला नाही, यावर अवाक्षर नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ सप्टेंबर

पोलीसप्रमुख बोलिंग दुकानात. वय तीस. माझी शववाहिका दोन वर्षांनी थोरली असेल. मी त्याला साहेब, तो मला लेम.

"सोपं आहे, लेम. खुर्ची तुझी. तू दिलीस पेंबर्टनसाहेबांना, म्हातारीला नाही. कोर्टात एवढं खरं सांग आणि मोकळा हो. तुझ्या परवान्याचं माझ्या लक्षात आहे."

या गावातल्या पोलिसाने मला खरं बोलायचा आग्रह करायची ही पहिलीच वेळ. नेमकं ते खरंही होतं.

कोराला सांगितलं. ती म्हणाली, "दोघं आले मागायला. छान निवडलास."

२७ सप्टेंबर

कोर्ट. आमची माणसं वरच्या सज्ज्यात. मला बायबलवर हात ठेवायला लावला.

"खुर्ची तुझी?"

"माझीच."

"कुणाला दिली होतीस?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. पाढे म्हणायला उभं केल्यावर बघायच्या तशा.

म्हटलं, "ऑगस्टाबाईंना, साहेब. त्यांचे गुडघे अधू आहेत. पेंबर्टनसाहेब त्यांच्याच खुर्चीत बसायचे. बाईंनी कधी हरकत घेतली नाही."

सज्ज्यात कुणीतरी खोकलं. मग अख्खा सज्जा खोकला. पेंबर्टनसाहेब पहिल्या रांगेत होते. उठून खरं सांगायचं, तर काळ्याच्या दारात टोपी काढून उभे होते हेही सांगावं लागलं असतं. ते बसून राहिले.

खटला रद्द झाला, बाई सुटल्या.

शपथेवर खोटं बोललो. त्रेपन्न वर्षांत इतकं सोपं काही गेलं नव्हतं.

३० सप्टेंबर

परवाना नामंजूर. कारण लिहिलंय—गाड्या उभ्या करायला जागा अपुरी. एकोणतीस वर्षं पुरत होती.

१ ऑक्टोबर, शनिवार

वाचनालय नऊला उघडतं. शववाहिकेत बेचाळीस खुर्च्या मावल्या. बाकीच्यांसाठी कोराचा भाऊ ट्रक आणतोय. बाई केव्हाच्या पुढच्या सीटवर बसून हॉर्न वाजवतायत.