वामनरावांचा पिवळा मिक्सर

४ जानेवारी, रविवार

आजचा दिवस माझ्या आयुष्यातला टर्निंग पॉइंट. जरीपटक्याच्या कबाड्याकडे वरच्या खोलीसाठी जुनी खिडकी बघायला गेलो होतो. खिडक्यांच्या मागे तो उभा होता. काँक्रीट मिक्सर! लोखंडी चाकं, पोटासारखा ड्रम, डिझेल इंजिन. कबाडी म्हणाला, हा धरणाच्या कामावर होता. कोणत्या धरणाच्या, ते त्याला सांगता आलं नाही. पण बघताक्षणी माझी खात्री पटली. शेवटी अख्खी नोकरी बांधकाम खात्यात काढली आहे. अकाउंट्समध्ये का होईना.

संध्याकाळी ट्रॉलीवरून मिक्सर हुडकेश्वरला आणला. कंपाउंडच्या भिंतीला लागून, रस्त्याच्या बाजूला उभा केला. बायकोने, चारुशीलाने विचारलं, खिडकी कुठे आहे?

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून मशीनची सर्व्हिसिंग.

६ जानेवारी

थंडी. उठलो नाही. आधी प्लॅनिंग हवं.

दुपारी प्लॅनिंग केलं. नागपुरातलं पहिलं बांधकाम यंत्र संग्रहालय! मिक्सर ही सुरुवात. पुढे रोडरोलर, डांबराची भट्टी, हातानं फिरवायची क्रेन. रोडरोलर आपल्या गेटमधून आत येणार नाही. गेट काढावं लागेल. चारुशीलाला योग्य वेळी सांगू.

कुसुमताईचा फोन. गांधीबागेतली तिची भाड्याची खोली पाडणार आहेत. घरमालक म्हणतो, पाडव्याच्या आत सोडा. भाऊजी गेल्यापासून ताई एकटीच आहे. दिवाळीतच मी तिला शब्द दिला होता की आमच्या वर खोली बांधतो, तू ये. आज मी तिला सांगितलं, तुझ्या खोलीचा स्लॅब असा-तसा नाही पडणार, ऐतिहासिक यंत्रानं पडणार. ताई म्हणे, वामन, मले फक्त एवढं सांग, त्या खोलीले छत राहीन का नाही?

बायकांना हेरिटेज कळत नाही.

११ जानेवारी

रंग दिला. चकचकीत पिवळा. ड्रम, चाकं, दातेरी चक्रं, काही सोडलं नाही. जाड दोन हात. शेजारचे नत्थूजी म्हणाले, वामनराव, आंधी इंजिन पाह्यत असते जी. मी समजावलं की आधी यंत्राचा आत्मविश्वास वाढवावा लागतो. ते लगेच घरात गेले. पटलं असावं.

२० जानेवारी

ठेकेदार बळीराम स्लॅबची तारीख ठरवायला आला. मी सांगितलं, माणसं तुमची, मिक्सर माझा. त्याने मिक्सरभोवती एक चक्कर मारली. विचारलं, हे चालू होते का जी? मी म्हणालो, होईल. तो म्हणे, माहा मिक्सर बाजूले उभा राहू द्या, त्याचं काय जाते? मी साफ नाही म्हटलं. अशानं यंत्राचा अपमान होतो. चारुशीला त्याला गेटपर्यंत सोडायला गेली आणि बराच वेळ बोलत उभी होती. माझीच तक्रार करत असेल. तारीख ठरली, २२ फेब्रुवारी.

१ फेब्रुवारी

आज हँडल मारलं. उलटं बसलं. मनगट सुजलं. पण इंजिन एकदा खोकलं! यंत्रानं प्रतिसाद दिला.

चारुशीला म्हणते तो मीच खोकलो होतो.

८ फेब्रुवारी

सुरू झाला!!! सबंध गल्ली बाहेर आली.

नोंद: टाकीत डिझेल नव्हतं. हे नत्थूजींच्या लक्षात आलं. माझ्या येणारच होतं.

ड्रम असा डौलात फिरला की डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे इतरांच्याही आलं. नत्थूजींकडचे वाळत टाकलेले कपडे काळे झाले. ताई मुद्दाम बघायला आली होती. कानांवर हात ठेवून विचारत होती, काहून गा वामन, हे बंद कसं होते? ते मला ठाऊक नव्हतं. डिझेल संपल्यावर झालं. ड्रम उलटा करून पाहायचं राहिलं. किरकोळ बाब.

२२ फेब्रुवारी, सकाळी

नारळ फोडला. इंजिन दुसऱ्याच हँडलला सुरू. बळीरामचं तोंड बघण्यासारखं झालं. ताई खुर्ची टाकून बसली आहे. गिट्टी, रेती, सिमेंट, पाणी, सगळं ड्रममध्ये गेलं. आता फक्त ओतायचं.

तोच दिवस, दुपारी

ड्रम उलटत नाही. दातेरी चक्रांत रंग घट्ट बसला आहे. चार माणसं ड्रम उलटायच्या चाकाला लोंबकळली. इंजिनाचा पट्टाही तुटला.

वर मजूर रिकाम्या घमेल्यांनिशी उभे. बळीराम म्हणाला, स्लॅब एका दमात झाला पायजे, आजचा दिवस गेला तर माणसं महिनाभर भेटत नाहीत. महिनाभरानं पाडवा उलटलेला असेल. मी ताईकडे बघितलं नाही. ती मात्र उठली आणि बळीरामला म्हणाली, तुहा मिक्सर कुठी आहे गा?

मागच्या गल्लीत होता. सकाळपासून. चारुशीलाने गेटपाशी उभं राहून तेच ठरवलं होतं. मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, तुमच्या यंत्राचा अपमान झाला असता.

तोच दिवस, संध्याकाळी

स्लॅब पूर्ण. माझा सहभाग: पाण्याचा पाइप धरला.

माझ्या ड्रममध्ये माल तसाच आहे. बळीराम धुवा म्हणत होता. मूड नाही. उद्या बघू.

२३ फेब्रुवारी

घट्ट झालं. काँक्रीटची क्वालिटी मात्र उत्तम.

१ मार्च

छिन्नी-हातोडा घेऊन बसलो. छिन्नी वाकली. कबाड्याला बोलावलं. त्याने ड्रमवर टिचकी मारली. म्हणे, यात लोहा कमी, गोटा जास्त, आपन नाही नेत.

संग्रहालय एका वस्तूचंही असू शकतं.

१५ मार्च

ताई राहायला आली. खोली छान झाली आहे. खिडकी नवीच घ्यावी लागली, पण उजेड भरपूर येतो. ताईनं गांधीबागेच्या जुन्या शेजारणींना जेवायला बोलावलं होतं. सगळ्यांना छत दाखवत म्हणाली, माह्या भावानं बांधून देल्लं. मी चारुशीलाकडे पाहिलं. ती भात वाढत होती. म्हणाली, हो ना, फार राबले. मी उठून सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतलं.

संकल्प: चारुशीलाला सरळ शब्दांत थँक्यू म्हणायचं. उद्या.

२९ मार्च, रविवार

थँक्यू राहिलं आहे. योग्य वेळ मिळत नाही.

पण आज संग्रहालयाला पहिला व्हिजिटर! एक माणूस मिक्सरचे चहूबाजूंनी फोटो काढत होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर धावलो. धरणापासून सगळा इतिहास सांगितला. त्याने मन लावून ऐकलं, चहाही घेतला. मग म्हणाला, भिंतीवर आमच्या कोचिंग क्लासची जाहिरात रंगवायची होती, पण हे धूड आडवं येते. मी ठणकावलं, हे इथून हलणार नाही. तो म्हणाला, माहीत आहे, वरच्या खोलीतल्या ताई म्हणाल्या का मग त्याच्यावरच लिहा.

संध्याकाळपर्यंत ड्रमवर लाल अक्षरांत लिहून झालं: ‘नापास झालात? आमच्याकडे या.’

रंग वाळेपर्यंत मशीनला हात लावू नका, असं तो जाताना मला बजावून गेला.