पेठेमागचं दोन खणांचं घर

आत्याबाई, तुमच्या सोनपेठेत मी घर घेतलं. पेठेच्या मागच्या गल्लीत, दोन खणांचं, जुनं, माळवदाचं. तुम्ही पहिला प्रश्न कोणता केला असता ते मला ठाऊक आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. होय, चुलीवर आधण ठेवून मीठ आणायला जाता येतं, आणि उकळी फुटायच्या आत परत येता येतं. सासरी, राणीसावरगावात, आपलं मीठ संपलं की बाजाराच्या दिवसापर्यंत शेजारी वाटी घेऊन फिरावं लागायचं, आणि दर वेळी तुम्ही माहेरच्या पेठेचं हेच सांगायचात. धाकट्या जाऊबाई तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "आत्याबाई, तुमच्या सोनपेठेला लाकडंच वली असतील, म्हणून आधण उकळंना." तुम्ही त्यांच्याकडं असं बघायचात की त्या बादली घेऊन आडावर पळायच्या. इथं आल्यावर पहिल्याच सकाळी मी आधण ठेवलं आणि निघाले. येताना कापडाच्या दुकानावरची मराठी पाटी दिसली, ती वाचली, तिच्या खालची बारकी ओळ वाचली, पुढच्या दुकानाची पाटी वाचली. परत आले तर पातेलं कोरडं पडून तडतडत होतं. पेठेची यात काही चूक नाही.

पाटी वाचायचं वेड तुमच्या डोळ्यांदेखतच लागलं. तुम्हाला पोथीचे अध्याय ऐकून ऐकून पाठ होते, मग मलाही झाले. एक दिवस दुपारी सगळे रानात गेल्यावर मी पोथीचं फडकं सोडून बसले. माळवदाला उजेडासाठी जे साणं ठेवतात त्यातून ऊन खाली पडायचं, भाकरीएवढं. त्या उन्हात पान धरायचं, पाठ असलेली ओळ मनात म्हणायची आणि बोट अक्षरांवरून सरकवायचं. ऊन सरकलं की मीही सरकायची. असं कित्येक महिने चाललं, आणि एक दिवस जी ओळ पाठ नव्हती तीही बोटाखाली बोलू लागली. नेमक्या त्याच दिवशी तुम्ही सरपणाचा भारा टाकून दारात उभ्या राहिलात. बाईनं अक्षर शिकलं की घराला वाईट, असं त्या काळी सगळेच म्हणत. तुम्ही विचारलं, "हात धुतलेस का पोथीला शिवायच्या आदी?" मी होकाराची मान हलवली. मग तुम्ही म्हणालात, "अन् मनातल्या मनात काय वाचायलीस? चोरून खायलीस व्हय? वाचायचं तर मोठ्यानं वाच, मला बी ऐकू येऊ दे." तेवढंच बोलून तुम्ही चुलीकडं गेलात. त्या दिवसापासून मला मनात वाचता येत नाही. आजही दुकानाची पाटी ओठ हलवत वाचते आणि लोक वळून बघतात.

पटकीच्या साथीत तुमचा लेक गेला, माझं कुंकू पुसलं, तेव्हा गावात अनेकांनी अक्षराचा विषय काढला. तुम्ही काढला नाही. सुतक फिटल्यावर आपण दोघी ओसरीवर जोंधळा निवडत होतो. तुम्ही कमरेची पिशवी सोडली आणि माझ्या सुपात सोन्याच्या पुतळ्यांची माळ टाकली, जोंधळ्यात. माझ्याकडं न बघता म्हणालात, "ही माझ्या मायची. हिची बैलं घिऊ नगंस, कुणाच्या लग्नात घालू नगंस. पेठंत एखादं दार बघ. तुला आतून कडी लावता आली पायजे." मला तेव्हा ते बोलणं कळलंच नाही. मला वाटलं, दुःखानं काहीतरी बोलायलात. पुढं दोन पावसाळ्यांनी तुम्हीही गेलात आणि माळ उतरंडीच्या तळच्या मडक्यात राहिली.

एवढी वर्षं का थांबलीस, असं तुम्ही विचाराल. जाऊबाईंची लेकरं लहान होती, हे एक. दुसरं खरं कारण असं, की त्या घरात ते जागोजागी होते. देवळीत त्यांची पानतंबाखूची चंची असायची, ती देवळी तशीच होती. दाराच्या चौकटीला ते पाठ घासायचे, तिथं लाकूड गुळगुळीत झालं होतं. हे सगळं टाकून कुठं जायचं? पण लेकरं मोठी झाली, सुना आल्या, आणि मी निजायला कधी या खोलीत, कधी त्या खोलीत, कधी धान्याच्या कणगीमागं. कुणी वाईट वागलं नाही, आत्याबाई. मात्र कुणाच्या तरी खोलीतून उठून कुणाच्या तरी खोलीत जाताना तुमचं कडीचं बोलणं मला एकदम कळलं.

मी दिराशी बोलले. त्यांनी आधी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "वैनी, लोक काय म्हंतील? दिरानं भावजईला घराभाईर काढली, असं म्हंतील." मी म्हटलं, "लोकांना सांगा, आत्याबाईनं सांगून ठेवलंय." तेवढ्यात आतून जाऊबाई म्हणाल्या, "उतरंडीखालची माळ काय लोणचं घालायला ठिवलीय का? अक्का, मला पयल्यापासून ठावं हाय." इतकी वर्षं मी ती लपवली होती आणि दर दिवाळीला उतरंड पुसायच्या जाऊबाई. दीर हसले आणि पागोटं पुन्हा डोक्यावर गेलं. वर्षाचे जोंधळे आणि तूर माझ्या वाट्याची पोचती करायची, हे त्यांनी आपण होऊन कबूल केलं.

सोनपेठेत घर विकायला आहे हे बाजारात कळलं. विकणारा पूर्णेला रेल्वेत नोकरीला, तिथंच स्थायिक झालेला. म्हातारी चुलती इथं राहायची, ती गेल्यावर घर बंद होतं. आम्ही बैलगाडीनं, वाटेत एक मुक्काम करून गेलो. दाराच्या चौकटीवर लाकडात कोरलेला राघू आहे, त्याची चोच तुटलेली. उंबरा मधोमध झिजून पाळण्यासारखा झालाय. दार इतकं ठेंगणं, की दिराचं डोकं आपटलं. कपाळ चोळत ते म्हणाले, "आदी मान वाकवायला लावायलंय, मग पैशे मागंल." आत अंधार होता, पण दुसऱ्या खणात साण्यातून ऊन पडलं होतं, बरोबर भाकरीएवढं. मी वर बघितलं. तुळया शाबूत. माळवदावर दोन वर्षं कुणी पांढरी माती टाकली नव्हती, त्यामुळं एका कोपऱ्यात गळून भिंतीवर ओघळ आले होते. ते काम एका उन्हाळ्याचं. मी दार लोटलं आणि आतून कडी लावून पाहिली. कडी जड होती, गंजलेली, पण बसली. बाहेरून दीर ओरडायले, "वैनी, घर घ्यायचंय, मला भाईर ठिवायचं न्हाई!"

दिरांनी सौदा गावाकडच्या रीतीनं केला. विकणाऱ्याच्या भावकीत कोणकोण आहे ते शोधलं, चुलत भावांना विचारलं, गंगाखेडला दिलेल्या त्याच्या आत्येला निरोप धाडून तिचीही संमती घेतली. मग माळ मोडून बाजारच्या दिवशी चारजणांत नारळ ठेवून इसार दिला. चूक कुठं झाली ते आम्हाला कळलंच नाही. आपल्या गावात भिंतीला भिंत लागलेला शेजारी म्हणजे भाऊबंदच, त्याला वेगळं विचारावं लागत नाही. पेठेत तसं नाही. इथं घर विकताना भिंतीच्या शेजाऱ्याला आधी विचारतात, तो नाही म्हणाला तरच बाहेरच्यानं घ्यायचं. त्याला इथं शुफा म्हणतात आणि कचेरीतही तो हक्क चालतो. त्या घराच्या भिंतीला लागून एक मणियारीण राहायची, बांगड्या विकणारी, माझ्याहून वयानं मोठी. नारळ फुटला आणि ती दारात येऊन उभी राहिली.

"वा जी पाटील, वा! गंगाखेड तक पूछके आए. दीवार मेरी, मेरेकूच नइ पूछे. मैं क्या मर गई थी?" दिरांना राग आला. ते म्हणाले, "आमचा इसार झालाय." तिनं कमरेवर हात ठेवला. "तो वापस लो. घर मैं लेती." तिच्या लेकाचं लग्न ठरत होतं आणि तिला खोली हवी होती, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. विकणारा कावराबावरा झाला. दीर गाडी जुपायला निघाले. "कचेरीत बघू," म्हणाले. मला माहीत होतं, कचेरीत बघू म्हणजे माझ्या हयातीत होत नाही. दुसरं घर बघायचं बळ माझ्यात नव्हतं आणि परत गेल्यावर दिरांनी पुन्हा गाडी जुपली असती असंही नाही. ती रात्र आम्ही धर्मशाळेत काढली.

सकाळी मी एकटीच तिच्या दारात गेले. ती माळेत बांगड्या ओवत बसली होती. "क्या होना?" म्हणाली, म्हणजे काय पाहिजे. मी म्हटलं, "काल आमचं चुकलं. खेड्यातली माणसं आम्ही, इथली रीत ठाऊक न्हवती. तुमाला आदी विचारायला पायजे व्हतं." तिनं मान वर केली नाही. "पाटील क्या भरता घर में? सरकी? रात भर चूहे. ऊपर से गाड्यों की खडखड." मी म्हटलं, "पाटील काई भरत न्हाईत. मी ऱ्हाणार हाय. एकटी." तेव्हा तिनं माळ खाली ठेवली. "बाई रहती? अकेली? फिर कल बोलना नइ? मैं समझी व्यापारी का गोदाम होता." तिनं मला बस म्हणून खूण केली, आणि आत्याबाई, मग तिनं सवयीनं माझा हात हातात घेतला. गिऱ्हाईक आलं की मणियारीण आधी हात दाबून बघते, कोणत्या मापाची बांगडी चढेल म्हणून. तिनं अंगठ्याखालचं हाड दाबलं, बोटं एकत्र करून पाहिली आणि म्हणाली, "सव्वादोनची. नरम हात हाय तुझा." मग तिची नजर मोकळ्या मनगटावर गेली. हात मात्र तिनं सोडला नाही. तुम्ही गेल्यापासून माझा हात कुणी असा धरला नव्हता. मी तिथं बसून रडले नाही, पण उठताही येईना.

थोड्या वेळानं ती मराठीतच म्हणाली, "त्या भिताडात एक मोरी व्हती, हाताएवढी. म्हातारी अन् मी तिच्यातून चुलीचा इस्तू द्यायचो घ्यायचो. तिचा पुतण्या आला अन् त्यानं चिखलानं बुजवली. ती उघड. मग घे घर." मी म्हटलं, "आजच उघडते." ती म्हणाली, "आज नको. पाटील का गुस्सा उतरने दे." दुपारी तिनं चारजणांसमोर हक्क सोडला. लेकाला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. पुढं त्यानं आपल्याच माळवदावर खोली चढवली. दिरांनी पुढं केलेला नारळ तिनं परत केला. "नारियल मेरे क्या काम का? गूळ दे." दिरांनी गुळाची ढेप आणवली आणि मला हळूच म्हणाले, "वैनी, घरापरीस शेजारीण महाग पडली."

आता तिसरा पावसाळा. माळवद गळत नाही. लढाईपायी रॉकेल मिळत नाही, म्हणून वाचायचं ते दिवसा, साण्याखाली. दुपारी गल्लीतल्या बाया पोथी ऐकायला येतात आणि मी मोठ्यानं वाचते. त्या पसाभर काही ना काही आणतात. मणियारीण आपल्या बाजूनं मोरीला कान लावते आणि मधेच विचारते, "फिर क्या हुआ?" रात्री मी उठून कडी लावते. गंज मी तेलानं काढला. लागल्याचा आवाज आला की मला बरं वाटतं, रोज.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहते, आणि त्यासाठीच कागद घेतला असावा. या घरात ते कधी आले नाहीत. इथं त्यांची देवळी नाही, त्यांची चौकट नाही. पहिल्या वर्षी मला तेच सलायचं. कालची गोष्ट. मणियारणीची सून भाकरी थापायला शिकायली. मोरीतून सासूचा आवाज आला, "ये भाकरी है या हिंदुस्तान का नक्शा?" आणि मी हसले. पदर न लावता, मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसून झाल्यावर ध्यानात आलं, की सकाळपासून मला त्यांची एकदाही आठवण आली नव्हती.

हा कागद पाठवायला टपाल नाही, हे मला कळतं. तरी तुमची आणि त्यांची भेट होत असेल, तर घराचं अवश्य सांगा. पेठेचं, आधणाचं सांगा. हसण्याचं मात्र राहू द्या, आत्याबाई. ते माझं मी सांगेन.