रेषेच्या उजवीकडची सावली

शुक्र. ८-११-०२
कॉम्प्युटरच्या दुकानाच्या हसमुखभाईंनी शेवटी दोन्ही कार्डं जांगड दिली. सोमवारी परत. त्यांच्या मेव्हण्याच्या दुकानातून बायका चार साड्या घरी नेतात, पसंत पडेल ती ठेवतात, बाकीच्या परत. मग ग्राफिक्स कार्डानेच काय घोडं मारलंय, हे गेला महिनाभर समजावत होतो. आज म्हणाले, "भोयेसाहेब, साडीला फार तर हळद लागते. हे जळलं तर?" म्हटलं, आजवर माझ्या हातून काय जळलंय ते सांगा. खोकी पुढे सरकवली. अंबडच्या कारखान्यांतले दोन ड्रॉइंगवाले मी घेतो तेच घेतात, हेही त्यांना ठाऊक आहे.

काळं खोकं = नुकतंच बाजारात आलेलं, सगळ्यात वरचं.
निळं खोकं = दुसऱ्या कंपनीचं. कालपर्यंत हे सगळ्यात वरचं होतं.
मेमरी दोघांची १२८. किंमत इथे लिहीत नाही.

मासिकात दोघांच्या तुलनेचे तक्ते आलेत, सगळे खेळांचे. सेकंदाला किती राक्षस मरतात, वगैरे. माझं काम टोमॅटोच्या क्रेटच्या मोल्डचं ड्रॉइंग. क्रेटला जाळी, जाळीला बरगड्या, प्रत्येक बरगडीला कडा. जुन्या कार्डावर मोल्ड पडद्यावर फिरवला की अर्ध्या रेषा गायब, मग सावकाश एकेक परत येते, पंगतीला बसल्यासारखी. असल्या परीक्षेचा तक्ता कुणी छापत नाही. तो मलाच करायचा.

शनि. ९-११
काळं बसवलं. लांब आहे, हार्डडिस्कच्या पट्टीला घासतं, पट्टी वळवून घेतली. याला पॉवरची वायर वेगळी द्यावी लागते. कार्डाला स्वतःचा प्लग, हे पहिल्यांदाच पाहिलं. सगळं गॅलरीत उकिडवं बसून, कारण सीपीयू तिथे स्टुलावर असतो. आत पंख्याचा आवाज नको म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच बाहेर काढला, भिंतीला भोक पाडून वायरी वाढवून घेतल्या. पाहुण्यांना अजून दाखवतो.

जुन्या कार्डावर आडव्या १०२४ ठिपक्यांच्या वर कधी गेलो नव्हतो. आज एकवीस इंची मॉनिटरवर थेट १६००. मोल्ड भोवऱ्यासारखा फिरला, एकही रेष हरवली नाही. खुर्चीत टेकून बसलो.

मग दिसलं. उभ्या रेषांना उजवीकडे सावली. फिकट, केसभर. आडव्यांना नाही.

सुलभाला बोलावलं. "काही दिसतं का?"
"दिसतंय की. जाळी."
"रेषेच्या बाजूला सावली?"
"अहो, कसली सावली? चहा निवतोय."

ह.भाईंना फोन. सांगितलं, काळ्याचं चित्र स्वच्छ नाही, मी घेणार नाही, कुणाला घ्या म्हणणारही नाही. "साहेब, जगभर खपतंय ते." खपत असेल. सावली पडते.

रवि. १०-११
निळं बसवलं.
तीच सावली. त्याच बाजूला, तेवढीच.

दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळ्या चिप आणि दोष एकच, तोही केसभर सारखा. हे होऊ शकत नाही. म्हणजे दोष दोघांतही नाही.

चष्मा पुसला. पुन्हा पुसला. सु.ला सावली दिसत नाही, मलाच दिसते.

वडिलांना काचबिंदू झाला तो साधारण याच वयात. पेठला तेव्हा कोण सांगणार. शेवटी सगळंच गेलं. मी ड्रॉइंग गिरवणारा ट्रेसर म्हणून लागलो तो डोळ्यांवर. टेबल, पेन, मग कॉम्प्युटर, सगळं पाहून पाहून शिकलो, कुणी शिकवलं नाही. डोळे गेले तर माझ्याकडे दुसरं

सोम. ११-११
ह.भाईंकडून जांगड वाढवून घेतली. कारण सांगितलं नाही.

दुपारी एक डोळा झाकून रेषा बघत होतो, मग दुसरा. सु. दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.
"तुम्ही कार्ड तपासताय की डोळे?"
"कार्ड."
"मामंजींनीही कुणाला सांगितलं नव्हतं. चौकट धरून उभे राहायचे. मला वाटायचं, नवी सून आली म्हणून वाट अडवतात. मनात किती बोलले असेन मी त्यांना."
एवढं बोलून खाली गेली. संध्याकाळी कळलं, कॉलेज रोडच्या डॉक्टरीणबाईंकडे तिने नंबर लावलाय. मला विचारलं नाही. बरं झालं.

बुध. १३-११
डोळ्यांत थेंब, हनुवटी मशिनवर, मग आत उजेड. बाई तरुण आहेत, पण घाई नाही. कामाची पद्धत आवडली.

प्रेशर व्यवस्थित. मागची नस चांगली. काचबिंदू नाही. दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर.

"मग सावली?"
"तुमच्या डोळ्यांत तरी मला तिचं कारण दिसत नाही. चष्म्याचा नंबर मात्र बदललाय. हा किती वर्षं वापरताय?"
मी आठवत होतो तेवढ्यात सु. म्हणाली, "धाकटीच्या बारशापासून." धाकटी यंदा कॉलेजात गेली. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

निघताना बाई म्हणाल्या, वडिलांना होता, तेव्हा वर्षातून एकदा यायचंच. सख्ख्या भावंडांनाही दाखवा. लवकर कळलं तर आहे ती नजर राखता येते.

थेंबांमुळे बाहेर सगळं पांढरंफटक. सु.चा हात धरून रिक्षापर्यंत. वडिलांचं रोजचं हेच.

फार बरं वाटलं. अक्षर वाकडं येतंय, पुरे.

गुरु. १४-११
रविवारीच करायला हवी होती ती परीक्षा आज केली. तेव्हा भीती वाटली, हे खरं.

मान आडवी केली, कान खांद्याला. दोष डोळ्याचा असता तर सावली मानेबरोबर फिरली असती. फिरली नाही. रेषेला चिकटून तिथेच. सु. झाडू घेऊन आली होती. "आता मानेचं काय?" म्हटलं, मान उत्तम आहे.

कार्डं सुटली, डोळे सुटले. उरले मॉनिटर आणि वायर. सीपीयू उचलून आत आणला, मॉनिटरची स्वतःची वायर थेट कार्डाला लावली.
सावली गेली. पूर्ण. रेषा अशा, की बोट कापेल.

मधली वाढीव वायर मी घरी जोडलेली. सोलून पाहिली. सोल्डरचे डाग एकूण एक चकचकीत, नळ्या चढवलेल्या, कुठे सैल नाही. पण आतली तार इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी. १०२४ ला तिने निभावलं, १६०० ला नाही. काम सुबक, तार चुकीची.

ह.भाईंना फोन. "काळ्याचं चित्र स्वच्छ आहे. दोष माझ्या केबलचा."
"कुठल्या कंपनीची केबल, साहेब?"
"भोये आणि कंपनी."
बराच वेळ हसत होते. म्हणाले, "त्या कंपनीला गॅरंटी नसते."
हसू दे. आज कुणीही हसावं.

शुक्र. १५-११
आता खरी तुलना.
नुसत्या रेषा: दोघं बरोबरीचे. मासिकातला सगळा फरक इथे शून्य.
रंग भरून फिरवला: काळं पुढे, स्पष्ट. निळं कोपऱ्यावर किंचित अडखळतं.
आवाज: काळ्याचा पंखा मिक्सरसारखा, आणि सीपीयू आता आत. निळं शांत.
वीज गेल्यावर: काळ्यावर इन्व्हर्टर लवकर बोंबलतो.
रेषेची धार: निळं कणभर सरस. की मला तसं वाटतंय? नवा चष्मा सोमवारी मिळेल, तोवर हा रकाना कोरा.

संध्याकाळी अण्णाला फोन. थोरला भाऊ, पेठजवळ गावीच असतो, भातशेती बघतो. शेजारच्या दुकानात बोलावून घेतलं. म्हटलं, डोळे दाखवायला ये.
"मला काय धाड भरली? दिसतं ना मला. समोरचं समदं दिसतं. बाजूनं कोनी आलं तर तेवढं कळत नाय, मग दचकतो. वय झालं."
काचबिंदूत बाजूचीच नजर आधी जाते. वडील चौकटीला धडकायचे ते खांद्यानेच, बाजूने.
"अण्णा, मंगळवारी ये."
"भात झोडून झालं का येतो."
"भात वहिनी बघेल."
"एवढी काय घाई हे?"
घाई सांगितली तर येणार नाही. म्हटलं, नवीन यंत्र आणलंय, दोनच दिवस घरात आहे, बघून जा.
"टीव्ही का?"
"तसाच. लय भारी."
"मग येतो."

सोम. १८-११
चष्मा मिळाला. रकाना भरला: धार दोघांची सारखी. निळ्याचा कणभर सरसपणा जुन्या काचांचा होता.
ह.भाई स्वतः घरी आले. "साहेब, साडी नेसून झाली, मिरवून झाली, आता तरी बोला." बुधवारपर्यंत थांबा म्हटलं. अण्णाचं सांगितलं, सगळं. चहा संपवला आणि म्हणाले, "बुधवार कशाला, शनिवार." कार्डाचं नावही काढलं नाही.

मंगळ. १९-११
अण्णाला घ्यायला सीबीएसला गेलो. पेठची गाडी लागली, उतरला. मी त्याच्या उजव्या हाताला, दोन पावलांवर. हात वर केला. पाहिलं नाही. पुढे जाऊन समोर उभा राहिलो तेव्हा म्हणाला, "आता आला व्हय?"
हो म्हटलं.

घरी काळं लावून ठेवलं होतं, रंग भरून. मोल्ड फिरवला. अण्णा खुर्ची ओढून अगदी जवळ बसला, मॉनिटरची कड हाताने धरून.
"जाळी कसली ही?"
"टोमॅटोच्या क्रेटची."
"मग फिरवतो काय नुसती? भरायची ना."
सु. हसली, मग पदराने तोंड पुसत आत गेली. बराच वेळ आली नाही.

बाईंना फोनवर बोललोय. म्हणाल्या, आज कळतंय हेही लवकरच समजा, घेऊन या. चारचा नंबर. माझ्या वेळी केली नव्हती ती बाजूच्या नजरेची तपासणीही आहे म्हणे. मी त्याच्या उजवीकडून चालणार आहे.

काळं की निळं, आल्यावर बघू. अण्णा चपला घालतोय.