पाणी आमच्या स्पर्धेत नाही

११ जुलै
निर्णय पक्का. सुती कापडाला आग लागू न देणारं कोटिंग बनवायचं, तेही नैसर्गिक. जगभर लोक दुधावर, केळीच्या रसावर पेपर लिहितात आणि आपण बिबवेवाडीत बसून नुसते वाचायचे? विमा कंपनीत आगीचे क्लेम तपासण्यात माझं आयुष्य गेलंय. शिवाय बी.एस्सी. केमिस्ट्री. सेकंड क्लास, पण त्या वर्षी पेपरच वाईट निघाले होते.
आम्रपालीला सांगितलं. ही म्हणाली, अहो, आधी गॅलरीतला नळ बघा, गळतोय. घरात व्हिजन कुणालाच नाही.

१४ जुलै
केळीच्या खांबाचा रस काढून उशीच्या अभ्र्याला लावला. अभ्रा तपकिरी. केळीचा डाग जात नाही हे म्हणे शेंबड्या पोरालाही कळतं. कळत असेल. शेंबडी पोरं संशोधन करत नाहीत.
केळी रद्द. दूध.

२२ जुलै
दूध लिंबू पिळून फाडलं, चोथा सोड्याच्या पाण्यात विरघळवला, रुमालाला तीन हात दिले. दोरीवर टाकलाय. चहाला दूध उरलं नाही म्हणून घरात तणाव. आणि हा पाऊस! मोजेसुद्धा वाळत नाहीत, ही ते फ्रीजच्या मागे वाळत घालते.

२४ जुलै, सकाळी
जमलं! काडी लावली, रुमाल पेटला नाही. दुसरी लावली. फुस्स. एका जागी बसवेना, हॉल ते गॅलरी फेऱ्या मारत राहिलो. ही म्हणाली, ओलाय तो. ओला नाही, ओलसर आहे. फरक आहे.
मैत्री बारावी सायन्सला आहे. ती म्हणाली, बाबा, कंट्रोल ठेवा, नुसत्या पाण्यात भिजवलेला रुमालही जाळून बघा. म्हटलं, बाळा, पाणी आमच्या स्पर्धेत नाही.

९ ऑगस्ट
बुद्धविहारात गेलो होतो. पावसाळाभर वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू असतं, तेव्हा बायका ऐकता ऐकता मूर्तीमागचा नवा पांढरा पडदा भरतात. खाली कमळांची रांग आहे, ती सगळी सासूबाईंच्या हातची. जुना पडदा गेल्या वर्षी मेणबत्तीने होरपळला. आता १४ ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, हा लावायचा.
मी लगेच शब्द दिला, कोटिंग माझ्याकडे. समितीचे अध्यक्ष भीमरावकाका म्हणाले, बघा बुवा. पुण्यात याला होकार म्हणतात. सासूबाईंनी मात्र दोनदा विचारलं, जावईबापू, नक्की ना? डोळे गेलेत माझे, पुन्हा एवढं भरणं होणार नाही. छातीवर हात ठेवून सांगितलं, काळजीच सोडा.

३१ ऑगस्ट
सगळी सँपल पास. तक्रार एवढीच की वाळत नाहीत आणि वास येतो. शेजारच्यांच्या मांजरीने एक सँपल चाटून साफ केलं. मांजर ठणठणीत. म्हणजे बिनविषारी सिद्ध झालं, तेही फुकटात.

२० सप्टेंबर
माहितीपत्रकाचा मजकूर तयार: नैसर्गिक. बिनविषारी. वासाचं काम चालू आहे.
ऑफिसात साहेबांना म्हटलं, लवकरच मोठा निर्णय घेणार आहे. साहेब म्हणाले, आधी पेंडिंग फायली घ्या.
नळ अजून गळतोय. रविवारी नक्की.

११ ऑक्टोबर
पडद्याला कोटिंग पूर्ण. ऊन असं कडक पडलंय की पडदा तासाभरात पापडासारखा वाळला. एवढं छान आजवर एकही सँपल वाळलं नव्हतं. शुभ लक्षण!
ही मागे लागली, उन्हात वाळवलेला एखादा तुकडा आधी जाळून बघा हो, आईचं काम आहे ते. मी चिडलोच. सिद्ध झालेलं पुन्हा तपासायचं म्हणजे स्वतःवरच अविश्वास. उद्या पडदा लागेल. परवा सर्वांसमक्ष प्रात्यक्षिक.
रात्री दोनदा उठून पडदा बघून आलो. मांजर चाटेल म्हणून, दुसरं काय.

१३ ऑक्टोबर, दुपारी
संध्याकाळी प्रात्यक्षिक. भीमरावकाकांचा निरोप आला, रुमाल जाळून दाखवा, पुरे. नाही. दाखवायचं तर पडद्यावरच. इस्त्रीचा शर्ट काढलाय.

१३ ऑक्टोबर, घरी आल्यावर
पेटला.
खालच्या कडेला मेणबत्ती धरली, दोन वाक्यं बोललो, तिसऱ्याला जाळ कमळांवर. सगळे ओरडले. मी फुंकर मारत होतो. फुंकरीने वाढला. सासूबाईंनी फुलांच्या पाण्याची बादली उचलली आणि ओतली. पडद्यावर, माझ्यावर. विझला. कमळांची रांग गेली.
बायका जमिनीवरचं पाणी पुसायला लागल्या. भीमरावकाकासुद्धा फडकं घेऊन बसले, आणि हे फार वाईट. आम्रपाली घरापर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालली. दमट हवेसाठी फॉर्म्युला उत्तम आहे, असं लिहायला बसलो होतो. लिहवेना. फार वाईट वाटतंय.

१४ ऑक्टोबर
सकाळी लवकर विहारात गेलो. सासूबाई जळकी पट्टी कापून कड दुमडत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता सुई पुढे केली. दोरा ओवून दिला. त्या म्हणाल्या, आखूड झालाय, चालेल, मेणबत्तीपासून लांब राहील.
कार्यक्रम छान झाला. भीमरावकाकांनी सर्वांना कामं वाटली. मला आगीचं खातं दिलं. मेणबत्त्यांच्या शेजारी बादली घेऊन दिवसभर उभा होतो. मैत्री दोनदा येऊन बादलीत डोकावून गेली. हसली नाही. पोरगी गुणी आहे.
बादलीत पाणी. नैसर्गिक. बिनविषारी. वासही नाही.