पाळक नसलेली नऊ वर्षं

मस्कत, रविवार

प्रिय आई,

तुला सलाम, आणि हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या रेश्मावहिनींनाही. वहिनी, एकही ओळ गाळू नका. फोनवर आई मला बोलूच देत नाही, म्हणून लिहिते आहे.

मी बरी आहे. दवाखान्यातली ड्युटी जमते, इथे ज्वारीचं पीठही मिळतं. गुडघ्याला तेल लावतेस ना?

आपल्या चर्चच्या मंडळीला सव्वाशे वर्षं होतायत, त्याची स्मरणिका दादाने छापायच्या आधी मला पाठवली. उपासना चालवणाऱ्या सगळ्या पाळकांची नावं आहेत. मध्ये नऊ वर्षांपुढे 'पाळक नव्हते' एवढंच लिहिलंय. मला रागच आला. पाळक नव्हते, पण तू होतीस!

दर रविवारी घंटा तू वाजवलीस. तुला वाचता येत नाही, म्हणून बायबल मी अडखळत वाचायचे आणि भजनं तू तोंडपाठ म्हणायचीस. सगळे ऊसतोडीला गेले की चर्चमध्ये आपण दोघीच. तरी तू साऱ्या चटया अंथरायचीस. कशाला, असं विचारलं तर म्हणालीस, "गेल्यात त्यांची जागा हाय ही. देवाला दिसू दे, कोण कोण यायचं ऱ्हायलंय."

आई, त्याच जोरावर मी परक्या मुलखात उभी आहे. तुझं नाव त्या नऊ वर्षांपुढे घालायला दादाला कळवलंय. नको म्हणू नकोस.

आता चर्चमध्ये बाकं आली आहेत. तरी सव्वाशे वर्षांच्या सणाच्या दिवशी एक चटई अंथर. मला रजा मिळाली नाही.

तुझीच,
सुवार्ता