दोन कुलपं

३ फेब्रु., सोम.
चितेगाव. दारू कारखान्याच्या गोदामाला दोन कुलपं. एक आमच्या उत्पादन शुल्क खात्याचं, त्याची किल्ली माझ्याकडे; एक कंपनीचं. दोन्ही किल्ल्या आल्याशिवाय दारूचं एक खोकं बाहेर पडत नाही. कंपनीची किल्ली रंगनाथराव स्टोअरकीपरांकडे. गंगापूरहून एसटीनं येतात, तरी माझ्या आधी दारात हजर. मला उशीर झाला की घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघतात. राग येतो.

५ फेब्रु.
वेरूळ रस्त्यावरच्या ढाब्यावर शुल्क बुडवलेला बनावट माल सापडला. बाटलीवर लेबल इथल्याच कारखान्याचं. साहेब म्हणाले, कंपनीवाल्यांना इतक्यात दाखवू नका. मी दाखवली. रंगनाथरावांनी नखानं लेबल सोललं. "लेबल खोटं. डिंक ब्रशनं आडवा फासलाय. आमचं मशीन उभ्या रेघा ओढतं." मग झाकण उजेडात धरून फिरवलं. "झाकण मात्र आमचंच हाय, मॅडम. वर छापलेल्या मोराची शेपटी पुसट बघा. हा लॉट आपण मोडीत काढला होता."
कुणी विचारलं नव्हतं. गप्प बसले असते तर मला जन्मात कळलं नसतं. जूनमध्ये निवृत्त होतायत.

६ फेब्रु.
बिघडलेल्या छपाईची झाकणं रंगनाथराव आणि मी, दोघांसमोर ठेचायची, मग दोघांनी सही करायची. त्या लॉटचा कागद काढला. दोन्ही सह्या आहेत. पण रंगनाथराव त्या दिवशी नातीच्या बारशाला गेले होते. मी शहरात मीटिंगला. सही दुसऱ्या दिवशी केली, उभ्या-उभ्या, चहा पीत. म्हणजे झाकणं न ठेचताच भंगारात गेली.


८ फेब्रु., शनि.
रंगनाथरावांना शहरातल्या ऑफिसात नेलं. आमचे सगळे निरीक्षक टेबलाभोवती, मध्ये हे. खरी बाटली, खोटी बाटली. प्रत्येकाला नखानं लेबल सोलायला लावलं. "डोळ्यानं नका बघू, बोटानं बघा." कुणी हसलं नाही. साहेबसुद्धा सोलत बसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं. फार बरं वाटलं.
येताना जीपमध्ये झाकणांचा विषय दोघांनीही काढला नाही.

१० फेब्रु.
कंपनीच्या मॅनेजरनं रंगनाथरावांना बोलावलं. म्हणाला, भंगारवाल्याचं नाव द्या, गोदामाचं कशाला काढता. निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली तर ग्रॅच्युइटी अडकेल, असंही. काळजीनं म्हणाला की धमकावलं, देव जाणे.
दुपारी रंगनाथरावांनी जबाब आणून दिला. स्वतःच्या अक्षरात. 'मी हजर नसताना सही केली.' माझं नाव कुठंच नाही.
"माझ्याबद्दल का नाही लिहिलं?"
"तुमचं तुमी लिवायचं, मॅडम. कुलपं दोन हायेत." आणि चहाला गेले.
या माणसाचा अभिमान वाटतो. खरं सांगायचं तर हेवाही वाटतो.

११ फेब्रु.
अहवाल लिहिला. माझ्याबद्दलचं वाक्य सोडून. वाचला, चांगला झालाय. फाडला.

१२ फेब्रु., बुध.
पुन्हा लिहिला. 'मीही हजर नव्हते.' सकाळीच साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचून चष्मा काढला, "बघू" म्हणाले.
चितेगावला पोचायला उशीर झाला. रंगनाथराव दारात. त्यांचं कुलूप उघडलेलं, माझं लागलेलं. या वेळी घड्याळाकडे बघितलं त्यांनी. मी सांगितलं, "लिहिलं." त्यांनी मान डोलावली.
मी माझी किल्ली लावली. उद्या ती माझ्याकडे असेल की नाही, माहीत नाही.